एकाच चुलीवरची तीन ताटं

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. मुकुटबनला रेल्वे स्टेशन आहे, सिमेंटचा कारखाना आहे. तिथून शिबला, माथार्जुन, पाटणच्या बाजूला वळलं की पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनची वावरं दिसतात, मधूनमधून सागाचं जंगल आणि जंगलाच्या कडेला कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणल्या गेलेल्या आदिवासी जमाती तीनच: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यांपैकी कोलामांची मोठी वस्ती यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यात आहे. गोंड आणि परधानही इथे राहतात.

या तालुक्यातल्या शाळा, अंगणवाड्या आणि उपकेंद्रांत रंगीत गोळ्या येतात. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्याच्या या गोळ्या. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी, तीत ४५ मिलिग्रॅम लोह. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी, तीत ६० मिलिग्रॅम. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. पाच वर्षांहून लहान बाळांना पातळ औषध. प्रत्येकात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड असतंच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा या गोळ्या वाटणं चूक आहे असं कुणी म्हणू नये, आणि मीही म्हणत नाही.

पण याच कार्यक्रमात सहा उपाय सांगितले आहेत आणि त्यांतला सहावा उपाय कुणी सहसा वाचत नाही. रक्त कमी होण्याची जी कारणं आहाराशी निगडित नाहीत, त्यांचा त्या-त्या भागात बंदोबस्त करा, असं तो सांगतो. त्यात नावं घेऊन तीन कारणं दिली आहेत: मलेरिया, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार आणि फ्लोरोसिस. दिल्लीत बसून लिहिलेली ही ओळ झरी जामणीसाठीच लिहिली असावी इतकी ती इथे लागू पडते. जंगलपट्ट्याने मलेरियाचे दिवस पाहिले आहेत, सिकलसेल विदर्भाच्या रक्तात आहे, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं.

आपल्या शरीराला मानवेल तेच खावं, आपल्या शरीराला हवी तीच गोळी घ्यावी, हे वाक्य आज पुण्यामुंबईच्या आरोग्य-पुरवण्यांत रोज वाचायला मिळतं. लाळेचा नमुना पाठवा, तुमच्या जनुकांप्रमाणे आहार सांगतो, असं म्हणणाऱ्या कंपन्या आहेत. शरीर पाहून ताट वाढण्याची खरी, तातडीची आणि सिद्ध झालेली गरज मात्र पोडावर आहे, आणि तिथे ती कुणी मागत नाही, कुणी देत नाही. हा लेख त्यासाठी.

समजा, पाटणच्या बाजूला एका पोडावर एक घर आहे. घर कल्पनेतलं आहे, त्यामागचं गणित खरं आहे. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत ‘एएस’. दोघांनाही काही त्रास नाही, दोघंही दिवसभर वावरात राबतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला चारात एक शक्यता पूर्ण निरोगी असण्याची, चारात दोन आईबापांसारखं वाहक असण्याची आणि चारात एक प्रत्यक्ष आजारी, म्हणजे ‘एसएस’ असण्याची असते. या घरात तीन मुली आहेत आणि तिघींच्या वाट्याला तीन वेगळी रक्तं आली आहेत. चूल एक, ज्वारीची भाकर एक, तुरीचं वरण एक, शाळेत मिळणारी निळी गोळीही एकच.

थोरली निरोगी आहे. तिला पाळी सुरू झाली आहे, जेवणात मांस-मासे क्वचित, अनवाणी फिरल्याने पोटात जंतही असतील. तिला निळी गोळी हवी, जंताची गोळी हवी, भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा हवा आणि जेवणाला लागून चहा नको. सरकारी कार्यक्रम जणू तिच्यासाठीच आखलेला आहे आणि तिने तो मनापासून पाळावा.

मधली वाहक आहे. तिची गोष्ट पुढे सांगतो, कारण तिच्यावरच सर्वांत जास्त अन्याय होतो.

धाकटी एसएस आहे. तिला कधी हातापायांची बोटं सुजून दुखतात, कधी अंग ठणकतं, डोळे वरचेवर पिवळे होतात. हिमोग्लोबिन सातआठच्या वर जात नाही. हे सगळं का होतं ते माणसाला कळायला बराच काळ जावा लागला. शिकागोच्या जेम्स हेरिकने १९१० मध्ये पहिल्यांदा विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी नोंदवल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इंग्रॅमने तो दोष एका अमिनो आम्लापर्यंत आणून पोचवला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, इतकंच. आपल्याकडे निलगिरीच्या आदिवासींत हे रक्त १९५२ मध्ये सापडलं, आणि नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. म्हणजे विदर्भाला आपल्या रक्ताची ही ओळख होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. धाकटीची पेशी १० ते २० दिवसांत फुटते. पेशी फुटली की तिच्यातलं लोह सांडतं, पण ते शरीराबाहेर फारसं जात नाही. माणसाच्या शरीराला लोह बाहेर टाकायची सोयच नाही. आतड्याच्या, कातडीच्या झडणाऱ्या पेशींतून दिवसाला एकदोन मिलिग्रॅम जातं तेवढंच. म्हणून निसर्गाने सगळा बंदोबस्त आत घेण्याच्या दारावर ठेवला आहे. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ते दार उघडतं आणि मिटतं. ते २००० च्या सुमारास सापडलं, आणि तेव्हापासून रक्तक्षयाकडे बघण्याची दृष्टीच बदलली. जुन्या पेशींतून मोकळं झालेलं वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह शरीर रोज पुन्हा वापरतं. बाहेरून त्याला थोडंसंच लागतं.

आता धाकटीकडे बघा. तिचं रक्त कमी आहे, पण लोह कमी असेलच असं नाही. तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन दोनचार वेळा रक्त चढवलं असेल, तर प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह तिच्या अंगात शिरलं आणि तिथेच राहिलं. ते यकृतात साचतं, हृदयात साचू शकतं. तिला पुन्हा ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या देत राहणं हा उपचार होत नाही. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काही एसएस रुग्णांच्या लघवीतून लोह जातं, पाळी आलेल्या मुलींचं रक्तातून जातं, जेवण तुटपुंजं असतं, आणि तेही लोहाला मोताद होतात. म्हणून एसएस म्हटलं की लोह कायमचं बंद, हा नियमही आंधळाच. फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचं माप, तपासा, अंगात सूज किंवा ताप असताना ते खोटं वाढलेलं दिसतं हे लक्षात ठेवा, आणि मग ठरवा. ‘तपासा आणि मग द्या’ या चार शब्दांत या मुलीच्या लोहाचा सगळा हिशेब येतो.

लोहाचं सोडलं तर धाकटीला बाकीच्या दोघींपेक्षा जवळजवळ सगळंच जास्त लागतं. दर पंधरा दिवसांनी नवं रक्त घडवणाऱ्या अस्थिमज्जेला फोलेट लागतं, म्हणून तिला फॉलिक अ‍ॅसिडची ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी रोज द्यायची असते. बसून असली तरी तिचं शरीर इतरांपेक्षा जास्त ऊर्जा जाळतं, म्हणून भाकर जास्त लागते, डाळ जास्त लागते, अंडं लागतं, शेंगदाणा लागतो. अशा रुग्णांत जस्ताची कमतरता वारंवार आढळते. जस्ताचं माणसाच्या आहारातलं महत्त्व जगाला पटवून देणारे आनंद प्रसाद मूळचे बिहारचे. त्यांनी अमेरिकेत सिकलसेलच्या रुग्णांवरही याच अंगाने काम केलं.

आणि पाणी. धाकटीचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे पाणी अंगात टिकत नाही. पाणी कमी पडलं की पेशी आतून घट्ट होते, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि अंग ठणकायला लागतं. मे महिन्यात विदर्भातलं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. वावरात कामाला जाताना सोबत नेलेलं पाणी दुपारपर्यंत संपतं आणि विहीर लांब असते. शाळेत मुतारीची सोय नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. धाकटीच्या आजारात वेदनेचा झटका टाळायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्याची भरलेली बाटली आणि वापरता येईल असा संडास. मी त्याला आहाराचाच भाग म्हणतो. मोठ्या माणसाला हा आजार असेल तर मोहाची दारू त्याच्या अंगातलं पाणीच काढून घेते, हेही स्पष्ट सांगायला हवं.

पिवळ्या डोळ्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. पेशी फुटून डोळे पिवळे झाले की घरच्यांना ती कावीळ वाटते. कावीळ म्हटली की पथ्य आलं: तेल बंद, डाळ बंद, अंडं-मटण बंद, फिकं खा. ज्या मुलीला दुप्पट खाऊ घालायला हवं तिचं ताट महिना-महिना अर्धं राहतं. हे आई मायेपोटीच करते. तिला कुणी समजावून सांगितलेलंच नसतं की हे डोळे रक्त फुटल्याने पिवळे आहेत, यकृत बिघडलेलं नाही, आणि हिला पोटभर जेवू घालायचं आहे. खरी कावीळही होऊ शकते, म्हणून दाखवायला हवंच. पण दाखवून येईपर्यंत ताट कमी करू नका.

औषधातही असाच नेमकेपणा विदर्भात घडला आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि झटके कमी होतात. भारतातल्या बऱ्याच सिकलसेल रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त असतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅमची ठरावीक, कमी मात्रा देऊन पाहिली आणि ती उपयोगी पडते हे दाखवून दिलं. इथल्या रक्ताला इथली मात्रा. आहाराच्या बाबतीत असं काम का होऊ नये?

आता मधली. ती वाहक आहे, तिला आजार नाही. तिला पाळीही येते, तिच्याही पोटात जंत असू शकतात, तिलाही लोह कमी पडू शकतं. थोरलीइतकीच निळी गोळी तिला हवी. पण तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डावर ‘सिकलसेल’ हा शब्द आला की घर घाबरतं, शाळा घाबरते, कधीकधी औषध देणारेही घाबरतात आणि गोळी बंद होते. उद्या ती गरोदर राहिली आणि वाहक आहे म्हणून तिला लाल गोळी नाकारली, तर बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येऊ शकतो. पोडावर एसएसपेक्षा वाहकांची संख्या कितीतरी जास्त असते, म्हणून ही चूक घडली तर तिचा फटकाही जास्त बायकांना बसतो. वाहकाने लोह खावं. हे एक वाक्य प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे.

मलेरियाचंही असंच आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं की वाहकांना मलेरियाच्या घातक रूपापासून संरक्षण मिळतं, म्हणूनच हे जनुक जंगलपट्ट्यांत टिकून राहिलं. लोहाच्या बाबतीत मलेरियाने जगाला शिकवलेला धडा आफ्रिकेतल्या झांझिबारजवळच्या पेम्बा बेटावरचा आहे. सुनील सझावल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हजारो लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. गोळ्या घेणाऱ्या मुलांत दवाखान्यात भरती होण्याचं किंवा मरण्याचं प्रमाण वाढलं आणि लोहाचा तो भाग थांबवावा लागला. २००६ मध्ये हे छापून आलं. त्यांतल्या ज्या मुलांची तपासणी करून लोहाची कमतरता ठरवली होती, त्यांना मात्र लोहाचा फायदा झाला होता. एकाच बेटावर, एकाच गोळीने, एका मुलाचं भलं आणि दुसऱ्याचं वाईट. जिथे मलेरिया आहे तिथे मलेरियाचा बंदोबस्त केल्याशिवाय सरसकट लोह देऊ नये, हा विचार तिथून रुजला.

मलेरियावरच्या प्रायमाक्विन या औषधाची गोष्ट याच जातीची. जीसिक्सपीडी नावाचं विकर ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटू शकतात, आणि अशी माणसं मध्य भारतातल्या आदिवासींत आहेत.

आता तांदळाकडे येतो. १५ ऑगस्ट २०२१ च्या भाषणात पंतप्रधानांनी सरकारी योजनांतला सगळा तांदूळ पोषणमूल्यं मिसळून देण्याची घोषणा केली. शंभर दाण्यांत एक दाणा बनवलेला, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२. एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं असं मानक ठरलं. पाण्यात टाकल्यावर तरंगणारे ते दाणे पाहून ठिकठिकाणी ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी ओरड झाली. लोक वेडे नव्हते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत एक अट होती. लोहयुक्त केलेल्या अन्नाच्या प्रत्येक पिशवीवर लिहायचं, की थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं आणि सिकलसेलच्या रुग्णांनी असं अन्न खाऊ नये. आता विचार करा. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलामांसारख्या सर्व आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय रेशन कार्ड द्यायला सांगितलं. कोलाम कुटुंबाला महिन्याला मिळणारं ३५ किलो धान्य पोत्यातून मोजून, पिशवीत ओतून दिलं जातं. ती सूचना पोत्यावर असली तरी घरापर्यंत पोचणार कशी? आणि पोचली तरी दुसरा तांदूळ आणायचा कुठून? २०२३ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. पुढे सरकारने तज्ज्ञांचा गट नेमला. त्या गटाने अशा तांदळाने या रुग्णांना अपाय होत असल्याचा पुरावा नाही असं म्हटलं, आणि २०२४ मध्ये ती सूचनाच नियमांतून काढली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने हा तांदूळ डिसेंबर २०२८ पर्यंत मोफत देत राहायला मंजुरी दिली.

मी हिशेब करून पाहिला. रोज २०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर त्यातून साडेपाच ते साडेआठ मिलिग्रॅम जादा लोह पोटात जातं आणि त्यातला थोडाच भाग शोषला जातो. एका लाल गोळीपुढे किंवा चढवलेल्या एका पिशवीपुढे हे फार थोडं आहे. ज्याला कधी रक्त चढवलं नाही अशा बहुतेक रुग्णांना त्याने अपाय होणार नाही, हे तज्ज्ञांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. पण ज्यांना वरचेवर रक्त चढतं त्यांची गणती वेगळी आहे, आणि अशा घराला साधा तांदूळ मागायचा हक्क असावा. सूचना काढून टाकल्याने तो प्रश्नही यादीतून निघून गेला, हे मला मान्य नाही.

तांदळाच्या या वादात बंगळुरूचे अनुरा कुरपाड यांच्यासारखे पोषणशास्त्रज्ञ एक मूलभूत मुद्दा मांडत आले आहेत: सगळा रक्तक्षय लोहाचा नसतो. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या रक्ताची कसून तपासणी झाली. १० ते १९ वयाच्या रक्तक्षयी मुलामुलींपैकी लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असलेली सुमारे २१ टक्के निघाली, तर फोलेट किंवा बी१२ च्या कमतरतेमुळे रक्त कमी असलेली सुमारे २६ टक्के. निळ्या गोळीत लोह आहे, फॉलिक अ‍ॅसिड आहे, बी१२ नाही.

बी१२ चा धागा पुण्याला जातो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. पण आपली बाळं हाडामांसाने कमी असली तरी त्यांच्या अंगातली चरबी तितकी कमी नव्हती. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तोच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुढे याच अभ्यासात आढळलं, की ज्या आयांच्या रक्तात बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. एक जीवनसत्त्व भरपूर दिलं आणि त्याचं जोडीदार राहून गेलं, तर काय होऊ शकतं याचा हा इशारा आहे. धाकटीला रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड देताना तिचं बी१२ एकदा तरी पाहायला हवं. फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी१२ अभावी नसांचं नुकसान आत चालू राहू शकतं.

मधुमेहाच्या तपासणीतही हेच रक्त फसवतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी आता सगळीकडे सर्रास लिहून दिली जाते. पेशी १२० दिवस जगते हे गृहीत धरूनच ती तपासणी अर्थपूर्ण ठरते. एसएस रुग्णाची पेशी पंधरा दिवसांत जाते, त्यामुळे साखर वाढलेली असली तरी आकडा कमी येतो. उलट लोहाची कमतरता असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो. म्हणजे आपल्या त्या घरात थोरलीला नसलेला मधुमेह चिकटू शकतो आणि धाकटीचा असलेला निसटू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साधी रक्तशर्कराच पाहावी. जो बाहेरगावचा डॉक्टर सिकलसेलचं कार्ड मागत नाही, त्याला रुग्णानेच ते दाखवावं.

या पट्ट्यात मधुमेह झालेला माणूस बहुधा सडपातळ असतो. त्याला शहरी पत्रक देऊन वजन कमी करा, भात सोडा, एक वेळ जेवा असं सांगणं घातक आहे. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘टाइप ५’ असं वेगळं नाव दिलं. वेल्लोरचे डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांनी आपल्या देशातल्या सडपातळ रुग्णांची तपासणी करून दाखवलं होतं, की यांच्या शरीरात इन्सुलिन मुळात कमी तयार होतं, ते निकामी झालेलं नसतं. अशा माणसाला प्रथिनं जास्त हवीत, पोटभर जेवण हवं. चाळीस-बेचाळीस किलोंच्या शेतमजुराला उपास सांगणाऱ्याने त्याचं ताट एकदा डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

पाण्याबद्दल थोडक्यात. फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात रंगतात, हाडं आखडतात, आणि आतड्याची लोह शोषण्याची ताकदही घटू शकते. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी त्यांना ते जास्त बाधतं. अशा गावात गोळ्यांची संख्या वाढवण्याआधी पाणी बदललं पाहिजे. काळा चहा कमी केला पाहिजे, कारण तो फ्लोराइड आणतो आणि लोह अडवतो.

शरीराशरीरांत रासायनिक फरक असतो हा विचार आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये मांडला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉर्स्ट बिकेल यांनी बर्मिंगहॅममध्ये फिनिलकीटोनुरिया झालेल्या मुलीला फिनिलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार देऊन तो विचार ताटात उतरवला. तिथे दोष एका जनुकात होता, परिणाम मोठा होता आणि आहाराने तो टाळता येत होता. सिकलसेल आहाराने टळत नाही, पण दोष एका जनुकात आणि परिणाम मोठा, म्हणून तेही याच वर्गाच्या जवळचं. शहरात विकले जाणारे जनुकीय आहार-अहवाल मात्र या वर्गातले नाहीत. स्टॅनफर्डमध्ये ६०९ माणसांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१८ मध्ये छापलेल्या चाचणीत, जनुकांवरून कमी चरबीचा की कमी पिठूळ पदार्थांचा आहार कुणाला लागू पडेल हे सांगता आलं नाही. त्याआधी २०१५ मध्ये इस्रायलमध्ये ८०० लोकांवर दिसलं होतं, की एकाच पदार्थाने वेगवेगळ्या माणसांची साखर वेगवेगळी वाढते. फरक खरा आहे, पण तो विकणाऱ्यांची घाई शास्त्राच्या पुढे धावते आहे. आयुर्वेदातल्या प्रकृतिविचाराबद्दल मला आदर आहे. पण मुलगी वाहक आहे की रुग्ण हे नाडी सांगू शकत नाही, रक्ताचा थेंब सांगतो.

तो थेंब घेण्याचं काम सुरू आहे. महाराष्ट्रात सिकलसेलचा कार्यक्रम राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळापासून चालतो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी आयुष्यभर या आजाराबद्दल लोकजागृती केली, त्यांच्या कामाला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झालं: ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. कार्डं वाटली जात आहेत. या कार्डांचा भर लग्नाआधी पत्रिका जुळवावी तसं रक्त जुळवण्यावर आहे, म्हणजे पुढच्या पिढीवर. आज जी मुलगी एसएस आहे तिने आज काय खावं, हे त्या कामात मागे पडतं. अमृत आहार योजनेत २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळतं, लहान मुलांना अंडी-केळी मिळतात. ही फार चांगली योजना आहे. त्याच ताटात एसएस असलेल्या आईला दुसरं अंडं वाढायला आणि तिची लाल गोळी तपासणीनंतरच द्यायला काही मोठा खर्च येत नाही.

पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्पाने आणि जिल्हा आरोग्य विभागाने तीन गोष्टी कराव्यात. सिकलसेलच्या कार्डावर आहाराच्या चार ओळी मराठीत छापाव्यात आणि कोलामी, गोंडीत तोंडी समजावून सांगाव्यात: वाहकाने लोह घ्यावं, रुग्णाने तपासून घ्यावं, फॉलिक अ‍ॅसिड रोज, पाणी भरपूर. त्या कार्डाची नोंद अंगणवाडीच्या आणि आश्रमशाळेच्या वहीत असावी, म्हणजे निळी गोळी वाटणाऱ्या बाईंना कुणाला द्यायची आणि कुणाला विचारून द्यायची ते कळेल. आणि एसएस रुग्णांचं फेरिटिन वर्षातून एकदा तालुक्यातच तपासलं जावं. त्यासाठी कुणाला वणी, यवतमाळ किंवा आदिलाबादची वाट धरायला लावू नये.

विदर्भातल्या वाचकाला एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, वर्गात कुणाचं रक्त गोळ्या घेऊनही वाढत नसेल, तर गोळ्या वाढवण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या.